उन्हाची पाटी

बिराप्पा कोळेकराला उन्हाबद्दल कुणी काही सांगायला गेलं की आपल्या घराण्याचा अपमान झाल्यासारखं वाटे. त्याच्या आज्यानं मेंढरांमागं सबंध जन्म उन्हात काढला होता, बापानं अर्धा. बिराप्पानं मेंढरं निम्मी केली, तासगावच्या पूर्वेला दोन एकर द्राक्षबाग लावली, आणि वाट्याला आलेलं उरलंसुरलं ऊन बेदाण्यात घातलं.

"ऊन काय, गाढवाच्या बी पाठीवर पडतं," तो म्हणायचा. "पर ते द्यायला यावं लागतं."

आणि त्याला ते येत होतं, यात वाद नव्हता. द्राक्षाचा घड थेट उन्हात टाकला की तो काळा पडतो, साल चामड्यासारखी होते, आणि सौद्यात व्यापारी तो बेदाणा दोन बोटांनी उचलून पुन्हा खाली ठेवतो. म्हणून बेदाण्याला ऊन द्यायचं ते सावलीत. वर पत्रा, चारी बाजूंनी हिरवी जाळी, आत एकावर एक जाळीचे रॅक. उन्हानं आत यायचं ते पाहुण्यासारखं, चपला बाहेर काढून. मग बेदाणा हिरवा राहतो. बिराप्पाचा बेदाणा इतका हिरवा असायचा, की नवखे व्यापारी आधी बेदाणा बघत आणि मग संशयानं बिराप्पाचं तोंड बघत.

एवढा उन्हाचा जाणकार माणूस, पण त्या वर्षी फाल्गुनात तो अंधारापायी हैराण झाला होता.

त्याची एकुलती एक लेक मालन साताऱ्यात दिलेली होती. तिला सातवा महिना लागला, तसा बिराप्पा तिला आणायला गेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, यात विचारण्यासारखं काही असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. व्याही भाऊसो बंडगर एका सरकारी कचेरीत कारकून होते. मूळचे तेही पूर्वेकडचेच, पण आता साताऱ्यात दोन खोल्या, दोन्ही खोल्यांत ट्यूबलाइट, आणि दोन्ही भरदिवसा चालू. कुठलीही गोष्ट समोर आली की आधी हरकत घ्यायची, ही कचेरीतली सवय त्यांनी घरीही मोडू दिली नव्हती.

"पाव्हणं, रागावू नका," भाऊसो म्हणाले. "पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाबी मान्य आहे. पण तुमच्या वस्तीवर लाईट नाही. रात्री काय झालं तर? बॅटरी मारून बाळ हुडकायचं का?"

"आवं, मालनबी त्याच घरात झालीया. चिमणीच्या उजेडात."

"म्हणूनच म्हणतोय आम्ही," आतून विहीणबाई म्हणाल्या.

भाऊसोंनी बायकोचं बोलणं ऐकू न आल्यासारखं केलं. "लाईट येऊ द्या. मी स्वतः येऊन डोळ्यांनी बघतो. दिसला, की पोरगी तुमची. नाही दिसला, तर हितंच दवाखाना गाठू. बोलून चुकलोय हिला."

मालन दाराला टेकून उभी होती. तिची पिशवी भरून तयार होती, वर पातळाची घडी आणि सतरा ठिकाणी गाठ मारलेली चिंचेची पुडी. तिनं पिशवी उचलली आणि परत आत नेऊन ठेवली. बापाकडं बघितलंसुद्धा नाही. बिराप्पा एकटाच एसटीत बसला आणि कऱ्हाड येईपर्यंत शेजारच्या माणसाशी एक अक्षर बोलला नाही. हे त्याच्या स्वभावात अजिबात बसत नव्हतं.

वस्तीच्या वाटेवर विजेचे तीन खांब उभे होते. तारा यायच्या होत्या. त्या कधी यायच्या, हे खांबांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. मेंढरं त्यांना अंग घासून जात, तेवढाच त्यांचा गावाला उपयोग.

मग पंधरवड्यानं बिराप्पा सांगलीला शेतीच्या प्रदर्शनात गेला. संध्याकाळची वेळ, मंडपात दिव्यांचा लखलखाट. फवारणीचा पंप आणि दूध काढायचं यंत्र यांच्यामध्ये एक टाय लावलेला गडी उभा होता. त्याच्यासमोर शाळेच्या पाटीएवढी, फार तर दोन पाट्यांएवढी, एक निळी-काळी काच ठेवली होती. कडेला पांढरी चौकट. काखेत मारून कुठंही न्यावी अशी. तिच्या बुडातून एक वायर निघाली होती आणि वायरीच्या टोकाला पिन. शेजारी कंदिलासारखा दिवा, त्याच्या पाठीला भोक.

"ही पाटी दिवसा ऊन खाते, काका," टायवाला म्हणाला. "पिन दिव्याच्या पाठीत खोचायची. ऊन दिव्यात उतरतं. रात्री बटण दाबायचं."

"तेल?"

"नाही."

"आवाज बिवाज?"

"काही नाही."

"आन् आत फिरतंय काय?"

"काहीच फिरत नाही."

बिराप्पानं काचेला कान लावून बघितलं. खरंच काही फिरत नव्हतं. त्याच्या आयुष्यात जे जे काम करतं ते आवाज करत आलं होतं: मोट, इंजीन, व्याही. ही पाटी गप्प होती.

"तुम्ही फक्त एक करा," टायवाला म्हणाला. "काच जपा, आणि ह्याला ऊन द्या."

"त्ये तू मला सांगू नगं," बिराप्पा म्हणाला आणि पैसे मोजून, दिवा हातात घेऊन, पाटी काखेत मारूनच मंडपाबाहेर पडला.

दिवा प्रदर्शनातनंच भरून आलेला होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरात सगळी वस्ती गोळा झाली. पुढं बसला होता म्हातारा कोंडीबा, ज्याला दिसत कमी होतं पण बघायची हौस दांडगी होती. बिराप्पानं बटण दाबलं. डोळ्याची एक उघडझाप होईपर्यंत काही झालं नाही. मग कंदिलातली नळी थरथरली आणि घर दिसलं.

बिराप्पा त्याच घरात जन्मला होता. पण ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आढ्याला एवढा धूर बसलाय हे त्याला माहीत नव्हतं. उतरंडीच्या गाडग्यांना असा लाल रंग आहे हे माहीत नव्हतं. हरणाबाईच्या, त्याच्या बायकोच्या, कपाळावर एक जुना व्रण होता. तो कशाचा, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. हरणाबाईनं आधी पदर सारखा केला आणि मग कोपऱ्यातली जळमटं बघून, एवढ्या पाहुण्यांच्या देखत, केरसुणी उचलली.

"ह्यो दुपारचा उजेड हाय," कोंडीबा हळूच म्हणाला. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या. "दुपारचा. मग रातीला हितं कसा आला?"

कुणी विडीसुद्धा पेटवली नाही.

सकाळी बिराप्पा गावात गेला आणि एसटीडीच्या खोक्यातून साताऱ्याला व्याह्यांच्या शेजाऱ्याकडं फोन लावला. "त्यास्नी सांगा, लाईट आलाय. ऐतवारी बघायला या म्हणावं."

परत येतो तो काय, हरणाबाईनं पाटी अंगणात उघड्यावर मांडली होती. भर उन्हात! बिराप्पा तिथूनच ओरडत आला.

"अगं ए! डोकं फिरलंय का तुजं? एवढी नाजूक वस्तू, चामडं करायचंय का तिचं?"

"ऊन द्या म्हनला न्हवं का त्यो?"

"मग ऊन असं देत्यात व्हय? बारा वरीस काय बगितलंस तू माज्या शेडात?"

त्यानं पाटी धोतराच्या सोग्यानं पुसली, शेडमध्ये नेली आणि मधल्या रॅकवर, जिथं त्याचा सगळ्यात हिरवा बेदाणा वाळत होता तिथं, धुतलेलं पोतं अंथरून तिच्यासाठी जागा केली. शेजारी दिवा ठेवला, पिन खोचली. वर घड, खाली घड, चहूकडं गार हिरवी सावली. दिव्याच्या पोटावर गुंजेएवढा एक मणी होता. कंपनीनं कुंकू लावून धाडलंय, असं म्हणून बिराप्पानं त्याचं मनातल्या मनात कौतुक केलं.

त्या संध्याकाळी दिवा लागला, पण कोंडीबाची गोष्ट संपायच्या आत मिटला. कोंडीबाच्या गोष्टी लांबतात, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. पुढच्या संध्याकाळी भाकरी थापून होईपर्यंतच चालला. तिसऱ्या दिवशी नळी नुसती आजाऱ्यासारखी तांबूस झाली आणि मालवली.

"ताव बसतोय त्येला," बिराप्पानं निदान केलं, आणि पाटी सगळ्यात खालच्या रॅकवर हलवली. तिथं दुपारीसुद्धा पायाला गारवा लागे.

चौथ्या दिवशी बटण दाबल्यावर बटणाचा आवाज तेवढा आला.

"पाव्हण्यास्नी काय दावनार आता?" हरणाबाई म्हणाली. "आरसा म्हून दावा. तोंड बगतील आन् जातील."

बिराप्पानं बटण पुन्हा एकदा दाबलं. त्याला ती पिशवी आठवत होती, उचललेली आणि परत आत नेऊन ठेवलेली.

रविवारी बारा वाजता भाऊसो आले. काळी छत्री, काखेत पिशवी, कपाळावर घाम. फाट्यापासून चालत आले होते आणि वाटेतले तीन खांब मोजून आले होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जेवण झालं. पान झालं. पाऊसपाण्याचं बोलणं झालं, म्हणजे पाऊस नाही आणि पाणीही नाही एवढं बोलून झालं. मग सोप्यातल्या बाजेवर बसून भाऊसो म्हणाले,

"हं. दाखवा लाईट. मला पाचची गाडी आहे."

बिराप्पा उठला आणि शेडकडं गेला. पावलं अशी टाकत होता, की जणू शेड साताऱ्याला आहे. काय सांगायचं हे त्याचं ठरलेलं नव्हतं. खालच्या रॅकवरून त्यानं पाटी काढली, वायर लावलेलीच होती. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. चार पावलांनी काही काचेचं चामडं होत नाही, असा विचार करून, आणि स्वतःचं टक्कल भाजू नये म्हणून, त्यानं पाटी आडवी डोक्यावर घेतली. दुसऱ्या हातात, आपल्याच सावलीत, दिवा लोंबकळत धरला. आणि अंगणात उतरला.

"आवं," दारातून हरणाबाई म्हणाली, "त्ये लाल काय पेटलं?"

बिराप्पानं खाली बघितलं. दिव्याच्या पोटावरचं कुंकू जळत होतं. लाल, गुंजेएवढं, हलत नाही, फडफडत नाही. तो दचकून दोन पावलं मागं सरला आणि लिंबाच्या सावलीत गेला. ठिपका विझला. तो पुढं आला. ठिपका लागला. तो पुन्हा मागं गेला. विझला. मग तो थेट शेडपर्यंत गेला, आत डोकावला, आणि बाहेर आला.

"पाव्हणं," भाऊसोंनी बाजेवरून विचारलं, "काय हरवलंय का?"

बिराप्पाला ऐकू आलं नाही. तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला होता, डोक्यावर पाटी घेऊन, हलायचं विसरून. ऊन वरून पडत होतं. आयुष्यभर पडतच होतं, पाठीवर, मेंढरांवर, दगडांवर, आणि पडून वाया जात होतं. आज ते त्याच्या डोक्यावर पडत होतं, तिथून वायरीत शिरत होतं आणि कानाशेजारून, खांद्यावरून त्याच्या मुठीत उतरत होतं. कानाशेजारून जाताना त्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. बारा वर्षं तो ऊन गाळून, थंड करून, घासाघासानं द्राक्षांना भरवत आला होता. आणि ही पाटी नागड्या उन्हाला तोंड लावून पीत होती. भाजत नव्हती, सुकत नव्हती, काळीही पडत नव्हती. ती आधीचीच काळी होती. आणि असल्या तहानलेल्या जिवाला त्यानं चार दिवस गारव्यात निजवलं होतं.

"आई गं," तो म्हणाला. एवढंच.

त्यानं पाटी अलगद जमिनीवर ठेवली. तोवर भाऊसो छत्री घेऊन अंगणात आले होते. प्रकार काय आहे ते बघण्यासाठी ते वाकले, तशी छत्रीची सावली पाटीवर पडली. ठिपका विझला. भाऊसोंनी छत्री बाजूला केली. ठिपका लागला. त्यांनी छत्री पुन्हा धरली. पुन्हा काढली. मग छत्री मिटून ठेवली आणि नुसता हात धरला. मग चार बोटं. मग एकच बोट. आयुष्य कचेरीत गेलेला माणूस. एका सहीला आठवडा लागतो हे त्यांनी सृष्टीचा नियम म्हणून स्वीकारलं होतं. इथं हात काढायचा अवकाश, की निकाल.

"पाव्हणं," ते हळू आवाजात म्हणाले, "हे ऐकतंय."

"पाव्हणं, खरं सांगतो," बिराप्पा म्हणाला. "दिवा आज रिता हाय. बटण दाबलं तर लागनार न्हाई. मी चार दिस त्येला सावलीत वाळवत हुतो."

"वाळवत?"

"बेदान्यागत."

भाऊसोंनी शेडकडं बघितलं, पाटीकडं बघितलं, व्याह्याकडं बघितलं. हसू आलं असावं, पण ते कचेरीच्या शिस्तीत दाबलं. "मग मी घरी जाऊन काय सांगू? मी डोळ्यांनी बघणार म्हणून बोलून बसलोय. लाईट दिसला नाही, तर दिसला कसा म्हणू?"

"दिस मावळूस्तवर थांबा. आता लागलाय तोंडाला त्यो. भरंल तेवडं भरंल."

"आणि नाही लागला तर?"

हरणाबाईच दारातून म्हणाली, "न्हाई लागला तर तुमी जावा, आन् लेक र्‍हाऊ द्या तिकडं. पर बगून जावा."

भाऊसोंनी मान वर करून सूर्याकडं बघितलं, हाताखालच्या माणसाकडं बघावं तसं. मग पाचच्या गाडीचा विचार सोडून दिला आणि बाज अंगणात ओढून घेतली.

ती दुपार वस्तीनं पुष्कळ दिवस सांगितली. दोन व्याही पाटीच्या दोन बाजूंना, आपली सावली मागं सांभाळून बसलेले. सूर्य सरकला, की बिराप्पा पाटी सरकवायचा, आणि भाऊसो म्हणायचे, "अजून थोडी. अजून. बास." कोंबडीला त्या बाजूला यायची मनाई झाली. कोंडीबा आला, तर त्याला मुंडासं काढून लांब बसवण्यात आलं, कारण मुंडाशाची सावली मोठी पडत होती. एक कावळा अगदी खालून उडत गेला, ठिपका मिचकला, आणि भाऊसोंनी कावळ्याला साताऱ्याच्या भाषेत शिवी दिली. त्यानंतर ते बिराप्पाशी गावाकडच्या बोलीत बोलू लागले.

"आमच्या बानं पन मेंढरंच राखली," ते मध्येच म्हणाले. "लय ऊन खाल्लं म्हाताऱ्यानं. कुटं गेलं आसंल रं ते समदं?"

बिराप्पा पाटीकडं बघत राहिला. असा प्रश्न आजवर कुणी त्याला विचारला नव्हता, आणि विचारला असता तर त्याला उत्तर असतं. आज त्यानं पाटी बोटभर सूर्याकडं वळवली.

सूर्य डोंगराला टेकला. पाटी तिरकी धरली तरी ठिपका फिकट होत गेला आणि कुठल्या क्षणी विझला ते चौघांपैकी कुणाला सांगता आलं नाही. पिन काढली. दिवा आत नेला. हरणाबाईनं चूल मुद्दाम पेटवली नव्हती. अंधार दाटेपर्यंत सगळे दिव्याभोवती बसून राहिले.

"तुमीच दाबा, पाव्हणं," बिराप्पा म्हणाला.

भाऊसोंनी बटण दाबलं.

नळी थरथरली. आणि मग दुपार घरात आली. पांढरी, स्थिर, भिंतीच्या प्रत्येक पोपड्यापर्यंत पोचणारी. हरणाबाईच्या तोंडून हुंकार निघाला. भाऊसो मात्र उठून बाहेर गेले. अंधाऱ्या अंगणात चाचपडत त्यांनी पाटीवर तळवा ठेवला. ती गार, मुकी, नुसती काच होती. ते आत आले, उजेडाकडं बघितलं. पुन्हा बाहेर जाऊन पाटीला हात लावून आले. दोन ट्यूबलाइटखाली वीस वर्षं राहणारा माणूस, पण उजेड कुठून येतो हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आज तो येताना बघितला होता. आख्खी दुपार शेजारी बसून.

"मालनला ह्या आठवड्यात धाडतो," ते बसता बसता म्हणाले.

"विहीणबाई?"

"हिला मी सांगतो. म्या बगितलाय." आणि मग, कचेरी आठवून, "पण ही पाटी त्या शेडमध्ये दिसली तर पोरगी परत घेऊन जाईन."

बिराप्पानं काही तरी म्हणायला तोंड उघडलं, आणि दिवा मिटला. अर्ध्या दिवसाचंच ऊन होतं ते.

"असू द्या," भाऊसोंचा आवाज आला. "दिसला."

गुरुवारी भर दुपारी माणसं कोंबून नेणारी वडापची जीप फाट्यावर थांबली. मालन नवऱ्याच्या मागं सावकाश चालत वस्तीवर आली. बिराप्पा अंगणात पाटीशी बसला होता. लेकीचा आवाज ऐकून त्यानं वर बघितलं, आणि पहिला शब्द तोंडातून गेला तो असा:

"थांब! तितंच थांब! सावली पडंल!"

मालन थांबली. पोटावर हात ठेवून आधी बापाकडं, मग त्या काळ्या काचेकडं बघू लागली. नवऱ्यानं पिशवी खाली ठेवली. हरणाबाई घरातून भाकरतुकडा ओवाळून टाकायला धावली आणि धावता धावता बिराप्पाला जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

"काय हाय आबा ह्ये?" मालननं विचारलं.

बिराप्पानं सांगायला सुरुवात केली. पाटी, पिन, टायवाला, ठिपका. पण दोन वाक्यांत त्याला कळलं, की आपल्याला हे सांगता येत नाही. मग त्यानं तिला दुसऱ्या अंगानं जवळ बोलावलं. ती जड अंगानं खाली बसली. त्यानं तिचा हात धरून पाटीवर नेला. ठिपका विझला. हात काढला. लागला.

मालननं हात सोडवून घेतला आणि स्वतःच केलं. एकदा. पुन्हा. पुन्हा. ऊन वाया जात होतं, दिवा भरायचा राहत होता, आणि बिराप्पा तिला थांब म्हणाला नाही.